नव्या गाडीच्या खोडी आणि धन्याचे कर्तव्य

डोंगराच्या व चिखलाच्या वाटेने चालणारी एखादी नवी मजबूत गाडी घेतली आणि पहिल्याच काही महिन्यांत ती खोडी करू लागली, तर तिच्याविषयी धीर धरावा की ती टाकून द्यावी? वरवर पाहता हा प्रश्न पैशाचा व लोखंडाचा दिसतो, आणि त्याचे उत्तर पाळकापेक्षा मिस्त्रीने द्यावे असे कोणी म्हणेल. परंतु नव्या वस्तूचा दोष सोसणे हा केव्हा सद्गुण आहे आणि केव्हा अपराध आहे, हा विचार मिस्त्रीच्या हत्यारांनी होणारा नाही. तो विवेकाचा विचार आहे. आमच्या गावोगावच्या मंडळ्यांस गाडी घेण्याचा प्रसंग वर्षांतून एकदाही येत नसेल. पण नव्याशी वागण्याचा प्रसंग रोज येतो. म्हणून या लहानशा विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याची वाचकांनी आम्हांस मुभा द्यावी.

प्रथम हे पाहू की अशी गाडी आमच्या भागात कोणास व कशाकरिता हवी असते. पिंप्राळा हे पूर्वी जळगावाहून वेगळे गाव होते. आता ते जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. येथून धुळ्याकडे मोठा महामार्ग जातो आणि त्यावर कोणतीही साधी मोटार सुखाने चालते. परंतु तापी ओलांडून यावल, चोपडा, रावेर या तालुक्यांतून सातपुड्याच्या पायथ्यास लागले, किंवा नंदुरबारच्या पुढे अक्राणीच्या डोंगरात चढले, म्हणजे सडक कशास म्हणतात व वाट कशास म्हणतात ते कळून येते. पावसाळ्यात आमची काळी कापसाची जमीन चाकास अशी चिकटते की चाक हे चाक राहत नाही, चिखलाचा गोळा होते. सातपुड्यातील कित्येक पाड्यांवरून आजाऱ्यास व अडलेल्या बाईस बांबूला बांधलेल्या झोळीत घालून, माणसांच्या खांद्यांवरून खाली सडकेपर्यंत आणावे लागते, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. सन १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्या काळापासून मिशनचे जुने सेवक या वाटांनी बैलगाडीने, घोड्यावरून व पुष्कळदा पायी गेले. वाटा अजून पुष्कळ ठिकाणी त्याच आहेत.

अशा वाटेवर चारही चाकांनी ओढणारी गाडी कामास येते. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांस पोहोचतो. ती चिखलात जागच्या जागी फिरू लागली म्हणजे गाडी आपलाच खड्डा आपण खणते. चारही चाकांस जोर पोहोचत असला म्हणजे पुढची चाके अडली तर मागची ढकलतात, आणि मागची अडली तर पुढची ओढतात. शिवाय अशा गाडीस बहुधा एक अधिक मंद गिअर असतो. तो घातला म्हणजे वेग अगदी थोडा होतो आणि ओढ पुष्कळ वाढते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम आहे: अवघड चढावर गाडीस बळ वेगाने येत नाही, वेग सोडल्याने येते.

आता तिच्या खोडींविषयी. या जातीच्या गाड्यांची मूळ माता जी जीप, तिची कथा बोधप्रद आहे. सन १९४० च्या जुलैत अमेरिकेच्या सैन्याने १३५ कारखानदारांस लिहून एक हलकी, चारही चाकांनी चालणारी गाडी अगदी थोड्या अवधीत करून मागितली. पेन्सिल्व्हानिया प्रांतातील बँटम नावाच्या एका लहान कंपनीने ४९ दिवसांच्या मुदतीत ती उभी केली आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या तपासणीच्या तळावर नेऊन दिली. तेथे तिला तीन हजार मैलांहून अधिक पळविले, आणि तेही बहुतेक सडक सोडून. ती चढली, उतरली, चिखलातून निघाली. पण शेवटी तिच्या सांगाड्याच्या पट्ट्या भंगल्या. तपासणाऱ्यांनी तिचे दोष लिहून काढले. त्यांनी ती फेकून दिली नाही, आणि ती निर्दोष आहे असा दाखलाही दिला नाही. दोष लिहिले, ते सुधारले, आणि त्याच कल्पनेवर पुढे युद्धाच्या वर्षांत सहा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. आज जिला लोक न मोडणारी म्हणून वाखाणतात, ती पहिल्या परीक्षेत मोडली होती. मोडलेले लपविले गेले नाही, म्हणून ती पुढे टिकली.

हीच विलीज कंपनीची जीप स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबईस माझगाव येथे सुटे भाग आणून जोडली जाऊ लागली. हे काम करणारी महिंद्र कंपनी सन १९४५ मध्ये स्थापन झाली होती. तिचीच ‘थार’ नावाची गाडी सन २०१० मध्ये निघाली, आणि सर्वस्वी नव्या रूपातील थार २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आली. ती आमच्याच महाराष्ट्रात, नाशिक येथे, तयार होते. लोकांची तिच्यावर अशी उडी पडली की गाडीकरिता कित्येक महिने वाट पाहावी लागे. आणि मग फेब्रुवारी १९४० च्या नव्हे, तर आमच्या काळातील फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने प्रसिद्ध केले की ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या अवधीत तयार झालेल्या १,५७७ डिझेल गाड्या तपासणीकरिता परत बोलाविण्यात येत आहेत. इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा जो कॅमशाफ्ट नावाचा दांडा असतो, तो पुरविणाऱ्या दुसऱ्या एका कारखान्यात यंत्राची जुळणी चुकली होती. म्हणून काही दांडे सदोष असण्याचा संभव होता. धन्यांस एकेकास कळविण्यात येईल आणि तपासणी व दुरुस्ती यांस काही पैसा पडणार नाही, असेही जाहीर झाले.

या दोन गोष्टींवरून आमचा पहिला विचार असा की, नव्यात दोष निघणे हे पुष्कळ अंशी सृष्टीच्या नियमास धरूनच आहे. आमचे शेतकरी बंधू हे जाणतात. नवा गोऱ्हा जुवाखाली धरला की तो पहिल्या दिवशी सरळ तास काढीत नाही. त्यास जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीस जुंपतात आणि हलके काम देतात. नवा जोडा पायास लागतो. नवा माठ पहिले काही दिवस पाण्यास मातीचा वास आणतो. नव्या इंजिनाचे घासणारे भाग एकमेकांशी जुळून बसावयाचे असतात. म्हणून पहिले हजारभर किलोमीटर फार वेगाने पळवू नये व फार ओझे घालू नये, असे जाणते लोक सांगतात. पवित्र शास्त्रातही या नियमाची साक्ष आहे. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात इस्राएल लोकांस आज्ञा आहे की देशात गेल्यावर जे झाड लावाल त्याचे फळ तीन वर्षे खाऊ नये. चौथ्या वर्षाचे फळ परमेश्वराचे, आणि पाचव्या वर्षी ते तुमच्या ताटात यावे. ज्यास पहिल्याच वर्षी पूर्ण फळ हवे, त्याने झाड लावू नये. म्हणून, एक खिळा सैल निघाला, दाराच्या फटीतून पावसाचे पाणी आले, किंवा कोठे खडखड वाजू लागले, एवढ्यावरून जो साऱ्या गाडीस, ती करणाऱ्यास व ती घ्यावी असे सुचविणाऱ्या भावास नावे ठेवीत गावभर फिरतो, तो दोष शोधीत नाही. तो आपल्या उतावळेपणास दोषाचे नाव देतो.

एवढ्यावर थांबलो तर धीर हाच सगळा धर्म झाला असे होईल. तसे नाही, आणि येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. दोष दोन प्रकारचे असतात. एकाने त्रास होतो. दुसऱ्याने जीव जातो. खिडकीची काच नीट वर न येणे हा त्रास आहे. उतारावर ब्रेक न लागणे, चालत्या वाटेत इंजीन एकाएकी बंद पडणे, सुकाणू हातात सैल होणे, ही भीती आहे. पहिल्या प्रकाराविषयी धीर धरणे हे चांगले आहे. दुसऱ्या प्रकाराविषयी धीर धरणे यास शास्त्र निराळे नाव देते.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा कायदा सांगितला आहे. बैलाने अकस्मात कोणास शिंग मारून ठार केले तर बैल मारावा, पण धन्याकडे दोष नाही. परंतु बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्यास तशी सूचना मिळाली असेल, आणि तरी त्याने त्यास बांधून ठेवले नसेल, तर मनुष्य मेल्यावर धनीही दोषी आहे. पाहा, बैल तोच, शिंग तेच, मेलेला मनुष्य तोच. फरक एवढाच की धन्यास ठाऊक होते. ज्ञान झाले त्या दिवसापासून बैलाची खोड ही धन्याची खोड झाली. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात तर याहून नाजूक गोष्ट आहे. तेथे नवे घर बांधणाऱ्यास आज्ञा आहे की गच्चीस कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. देव नव्या घराचा आनंद मना करीत नाही. पण त्या आनंदाच्या वेळीच तो दुसऱ्याच्या पायाची काळजी घ्यावयास लावतो. घर बांधणारा गच्चीच्या कडेस सावध राहीलही. कठडा पाहुण्याकरिता आहे, लेकराकरिता आहे, रात्री अंधारात उठणाऱ्या म्हातारीकरिता आहे.

यावरून आमचा दुसरा विचार असा की, मनुष्याने आपला धीर आपल्याच वाट्याच्या सुखातून द्यावा. दुसऱ्याच्या जिवातून देऊ नये. गाडीचा धनी म्हणेल, “मला ही गाडी प्रिय आहे, मी तिच्या खोडी सोसतो.” बंधो, तुमच्या पाठीस धक्के बसतात ते तुम्ही खुशाल सोसा. वाटेत चार तास उभे राहावे लागते तेही सोसा. परंतु मागच्या बाकावर पाड्यावरून आणलेली अडलेली बाई पडली आहे, तिने तुमच्या गाडीवर प्रेम करण्याचे वचन दिलेले नाही. ती झोळीतून उतरून तुमच्या गाडीत चढली, कारण खांद्यापेक्षा चाक भरवशाचे आहे असे तिच्या माणसांस वाटले. तिच्या भरवशावर तुम्ही उदार होऊ नये. ब्रेकची शंका आहे हे ठाऊक असून जो शेजाऱ्याची मुले शाळेत पोहोचवितो, तो सहनशील नव्हे. तो कठडा न केलेल्या गच्चीवर पाहुण्यांस निजवितो.

काही भाविक जन येथे म्हणतील, “आम्ही प्रार्थना करून निघतो, प्रभु सांभाळील.” प्रार्थना करून निघावे, हे आम्हीही शिकवितो. पण सैतानाने आमच्या प्रभूस मंदिराच्या शिखरावर नेऊन, खाली उडी टाक, देवदूत झेलतील, असे सांगितले तेव्हा प्रभूने तसे करणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे आहे असे ठरविले. जो मिस्त्री जळगावास बसला आहे त्याच्याकडे न जाता देवदूतांस गाडीखाली हात लावावयास बोलाविणे हीही तीच उडी आहे. देवाने ज्यास बुद्धी व हात दिले, त्याच्या बुद्धीने व हातांनी होणारे काम चमत्काराकडे लोटणे ही श्रद्धा नव्हे.

तिसरा विचार सत्य सांगण्याविषयी आहे. तो करणाऱ्यास लागू आहे आणि घेणाऱ्यासही. करणाऱ्याने आपला दोष आपण होऊन सांगावा. वर सांगितलेल्या १,५७७ गाड्यांच्या प्रकरणात चूक मुळात दुसऱ्याच्या कारखान्यातील होती. तरी गाडीवर ज्याचे नाव त्यानेच ती पदरी घेतली, हे योग्यच झाले. आमच्या देशात मोटार करणाऱ्यांनी सन २०१२ मध्ये अशा गाड्या आपण होऊन परत बोलाविण्याचा रिवाज घालून घेतला. पुढे सन २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने, जी गाडी लोकांस अपाय करील ती परत बोलाविण्याची आज्ञा देण्याचा अधिकार सरकारास मिळाला, आणि तो १ एप्रिल २०२१ पासून अमलात आला. कायदा झाला हे बरे झाले. पण कायद्याची काठी उगारण्यापूर्वी जो बोलतो त्याच्या बोलण्यास अधिक मोल आहे. दोष कबूल करणाऱ्या कारखान्याची अब्रू जाते असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते ज्याने एकदा न विचारता दोष सांगितला, त्याचा दुसऱ्या वेळचा “निर्दोष आहे” हा शब्द आम्ही अधिक विश्वासाने ऐकू.

घेणाऱ्याचे सत्य याहून कठीण आहे, आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. मनुष्याने मोठी रक्कम घालून, दहा जणांच्या देखत, नारळ फोडून वा प्रार्थना करून गाडी आणलेली असते. मग ती बिघडली तर ते कबूल करावयास त्याची जीभ वळत नाही. “तुझी गाडी कशी आहे?” असे कोणी विचारले तर तो तिचे चढ चढणे सांगतो व गॅरेजातील तीन फेऱ्या गाळतो. त्याच्या स्तुतीवर विसंबून दुसरा गाडी घेतो. हा खोटेपणा पैशाकरिता नाही, केवळ आपली निवड शहाणपणाची ठरावी याकरिता आहे. म्हणून तो सभ्य लोकांतही चालतो. याच्या उलट दुसरा मनुष्य एका सैल खिळ्याचे दहा करून सांगतो, म्हणजे विकणाऱ्याकडून काही अधिक पदरात पडावे. दोघांनीही साक्ष बिघडविली. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा कारखानदार शेजाऱ्यासही लागू आहे आणि गाडी घेऊ पाहणाऱ्या शेजाऱ्यासही. जे बिघडले ते तारखेसह वहीत लिहावे; विक्रेत्यास शांतपणे, परंतु लेखी कळवावे; दुरुस्त झाले तर दुरुस्त झाले असेही तितक्याच मोठ्याने सांगावे.

या सत्याची खरी कसोटी मात्र गाडी विकावयाच्या दिवशी होते. धन्याचा धीर सुटला, गाडी काढून टाकावी असे ठरले, आणि गिऱ्हाईक दारी आले. आता काय बोलावे? गाडी धुऊन, पुसून, तेल बदलून उभी आहे. इंजीन थंड असता जो आवाज येतो तो ती तापवून ठेवल्यामुळे आज येत नाही. बाजारात यास हुशारी म्हणतात. बैलांच्या बाजारातही असेच चालते हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु लोकांनी आपणाशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, या प्रभूच्या आज्ञेस बाजाराची वेस नाही. आपणास जो दोष सोसवला नाही तो न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात घालणे, यात किंमत थोडी अधिक येईल. पण मारका बैल दावे सोडून शेजाऱ्याच्या अंगणात सोडल्यासारखे ते होईल. दोष सांगून पंचवीस हजार कमी घेणारा ख्रिस्ती मनुष्य आपल्या गावात जो उपदेश करतो, तो रविवारी व्यासपीठावरून आम्हांस करता येत नाही.

कोणी विचारील, इतकी जोखीम व इतका खटाटोप आहे तर मग नवी मजबूत गाडी घ्यावीच कशास? यास उत्तर तिच्या उपयोगात आहे. जी गाडी डोंगर चढण्याकरिता केली ती केवळ गावातील लग्नाच्या वरातीत व बाजारपेठेत मिरविण्याकरिता घेणे यास आम्ही पाप म्हणणार नाही. पण ज्याने बळ घेतले व ते कोणाच्या कामी लाविले नाही, त्याने तिच्या खोडी तरी कशाकरिता सोसल्या? सबळांनी दुर्बळांचा भार वाहावा असे पौलाने रोमकरांस लिहिले. चार चाकांचे बळ हे त्या लोकांचे ऋण आहे, ज्यांच्या घरापर्यंत दोन चाकांचे बळ पोहोचत नाही. ज्या गाडीने पावसाळ्यात एकदा जरी झोळी वाहणाऱ्यांचे खांदे मोकळे केले, तिच्या दाराची खडखड धन्यास फार ऐकू येणार नाही.

बळाबरोबर आवर असावा लागतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. आषाढी एकादशीस पिंप्राळ्यात रथ निघतो. त्यामागील उपासनेत आम्ही भागी नाही. पण रस्त्याने जाणाऱ्या कोणासही दिसेल अशी एक गोष्ट त्यात शिकण्याजोगी आहे. रथ ओढणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचे बळ सर्वांस दिसते. परंतु चाकापाशी वाकून, वेळ साधून चाकाखाली लाकडी मोगरी लावणारे थोडेच असतात. रथ थांबतो व वळतो तो त्यांच्यामुळे. त्यांचा हात चुकला तर ओढणाऱ्यांचेच बळ गर्दीवर येईल. नव्या मजबूत गाडीच्या धन्यास दोन्ही व्हावे लागते, ओढणारा आणि मोगरी लावणारा. उंच, जड गाडी वळणावर वेगाने घातली तर उलटण्याचे भय लहान गाडीपेक्षा अधिक असते. आणि तिच्यापुढे पायी चालणारा मनुष्य तर अगदीच दुबळा. मंद गिअराविषयी आम्ही वर सांगितले ते येथे आठवावे.

आता हा विचार लोखंडावरून माणसांकडे नेऊ, कारण वृत्तपत्राच्या या पानावर शेवटी माणसांचेच काम आहे. प्रेषितांच्या कृत्यांत योहान मार्क नावाच्या तरुणाची हकीकत आहे. पौल व बर्णबा यांनी त्यास पहिल्या मोठ्या प्रवासास बरोबर नेले. कुप्र बेटावर तो बरोबर होता. पण समुद्र ओलांडून पंफुल्यातील पिर्गा येथे आल्यावर, जेथून पुढे पिसिदियाच्या अंत्युखियास जाणारी वाट मोठ्या डोंगरांतून चढत होती, तेथे तो त्यांस सोडून यरुशलेमास परत गेला. का गेला हे शास्त्र सांगत नाही. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्यास पुन्हा घेऊ. पौल म्हणाला, जो कामावरून सोडून गेला त्यास घेणे बरे नव्हे. त्यांचा वाद इतका वाढला की ते वेगळे झाले. बर्णबा मार्कास घेऊन कुप्रास गेला, आणि पौल सीलास घेऊन निघाला.

कोणाचे म्हणणे खरे होते? आम्हांस वाटते की दोघांचेही आपापल्या ठिकाणी खरे होते. पौलापुढे मंडळ्यांचे काम होते, आणि दुसऱ्यांच्या जिवाचा भार ज्यावर पडावयाचा त्याची परीक्षा झाल्यावाचून त्यास डोंगरावर नेऊ नये, हे त्याने ओळखले. नवशिक्यास मंडळीचा अध्यक्ष करू नये असे त्याने तीमथ्यास लिहिले ते याच शहाणपणाने. बर्णबापुढे एक मनुष्य होता, आणि एकदा अडला म्हणून तो मनुष्य फेकून द्यावयाचा नाही, हे त्याने ओळखले. त्याने मार्कास अवघड डोंगरावर नेले नाही. तो त्यास कुप्राच्या ओळखीच्या वाटेवर घेऊन गेला. नव्या गोऱ्ह्यास हलके काम व जुन्या बैलाची जोड मिळाली. पुढे तुरुंगातून पौल तीमथ्यास लिहितो की मार्कास घेऊन ये, तो सेवेस उपयोगी आहे. ज्याने नाकारले त्याच्याच हातचा हा दाखला आहे.

येथे गाडी व मनुष्य यांतील मोठा भेद विसरता कामा नये. गाडी परत करता येते. तिचा सदोष दांडा काढून नवा बसविता येतो. हमीची मुदत संपली की तिच्यावरचा आमचा हक्कही संपतो. मनुष्य परत करता येत नाही. ज्याने मागच्या वर्षी बाप्तिस्मा घेतला आणि या वर्षी पोळ्याच्या दिवशी पुन्हा दारू प्यालेला आढळला, त्यास कोणत्या कारखान्याकडे धाडावे? त्याची हमी मंडळीनेच घेतली आहे. त्याच्याविषयी आमच्या धीरास मुदत नाही. तरीपण धीर धरणे म्हणजे त्याच्या हाती लगेच भांडाराच्या किल्ल्या देणे नव्हे, किंवा त्याच्या घरी मार खाणाऱ्या बायकोस, “सोस, तो नवा विश्वासणारा आहे,” असे सांगणे नव्हे. आमच्या मंडळ्यांत ही चूक होते, म्हणून आम्ही स्पष्ट लिहितो. त्याला क्षमा करणे हे आमचे. पण ती क्षमा आम्ही तिच्या पाठीवरच्या वळांतून देऊ लागलो, तर आम्ही दुसऱ्याच्या जिवातून उदार झालो. तिला प्रथम सुरक्षित ठिकाणी न्यावे. मग त्याच्यापाशी बसावे, आणि महिनोन्‌महिने बसावे.

तर वाचकहो, नव्याशी वागण्याचा सारांश इतकाच आहे. त्रास असेल तर सोसा. धोका असेल तर गाडी उभी करा, मग कितीही घाई असो. दोष दिसला तर तो आहे तेवढाच सांगा, वाढवून नव्हे व गाळून नव्हे. ज्याने दोष कबूल केला व सुधारला त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवा. आणि ज्यांच्याकरिता ते बळ तुमच्या हाती आले आहे, त्यांच्या वाटेस ते लावा. अंजिराच्या झाडाच्या दाखल्यातील माळ्याने धन्यापाशी आणखी एक वर्ष मागितले. पण ते वर्ष त्याने नुसते बसून काढण्याकरिता मागितले नाही. भोवती खणीन व खत घालीन असे त्याने म्हटले. जो धीर खणावयास तयार नाही तो धीर नव्हे, आळस आहे. आमच्या सर्व मंडळ्यांस प्रभु कुदळ हाती घेतलेला धीर देवो.